बॉनेट बंद होतं ना?

गॅरेजच्या मागच्या खोलीत जमिनीच्या पातळीला दोन जाडजूड लोखंडी रोलर बसवलेले होते. गाडीची मागची चाकं त्यांच्यावर चढवायची, गाडी चार पट्ट्यांनी जमिनीला जखडायची आणि जागच्या जागी सुसाट सोडायची. इंजिनाची किती ताकद चाकांपर्यंत पोचली ते समोरच्या पडद्यावर उमटे आणि शेजारच्या यंत्रातून त्याचा कागद बाहेर येई. हे काम करणाऱ्याला सगळे मापाडी म्हणत. बाजारातला मापाडी धान्य मोजतो, हा घोडे मोजायचा. अश्वशक्ती हा शब्द त्या गॅरेजात कुणाच्या तोंडात बसत नसे. माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या कागदावर गिऱ्हाइकं डोळे झाकून विश्वास ठेवत. पण काउंटरमागच्या भिंतीवर त्याचाच एक कागद चौकटीत लावलेला होता, आणि त्याच्यासमोरून जाताना तो गेली तीन वर्षं मान दुसरीकडे वळवत होता.

त्या दिवशी सकाळी त्यानं मागच्या खोलीचं शटर वर केलं, तर समोर सासऱ्यांची गाडी उभी.

सासरे म्हणजे मोठे मिस्त्री. याच गॅरेजात त्यांनी चाळीस वर्षं इंजिनं उघडली आणि मिटली. मापाड्याच्या हातात पहिला पाना त्यांनीच दिला आणि पुढं मुलगीही त्यांनीच दिली. लग्नाआधी तो त्यांना मिस्त्री म्हणे, लग्नानंतर बाबा. गाडी त्यांची स्वतःची होती. दोघांपुरती, बुटकी, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. भंगारात निघालेली ती त्यांनी उचलून आणली आणि अकरा वर्षं खपून पायावर उभी केली. तिच्यात असा एक स्क्रू नव्हता ज्याला त्यांचा हात लागला नव्हता.

"या बाबा. आज इकडं कसं काय?"

मिस्त्रींनी उजव्या कानामागचं श्रवणयंत्र बोटानं दाबलं. "काय म्हणालास?"

"म्हटलं, कसं काय येणं केलंत?" तो जवळजवळ ओरडलाच. घरी सगळे त्यांच्याशी असंच बोलत. त्याची बायको तर वडिलांशी इतक्या चढ्या आवाजात बोले, की त्यांच्या औषधांच्या वेळा शेजारणीलाही पाठ झाल्या होत्या.

"सोंड बसवायचीय," मिस्त्री म्हणाले. "माझ्या गाडीला."

मापाडी वर गेलेलं शटर उगाच पुन्हा हलवून बघू लागला.

सोंड हे गॅरेजातलं नाव. खोक्यावरचं नाव भारदस्त होतं: गार हवेचा इनटेक. इंजिनाला लागणारी हवा कारखान्यात बसवलेल्या एका बंद डब्यातून, त्यातल्या फिल्टरमधून आत जाते. तो डबा काढून टाकायचा आणि त्याजागी अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत जाड नळी बसवायची, तिच्या टोकाला लाल शंकूसारखा उघडा फिल्टर. मोकळा श्वास, गार हवा, जास्त ताकद, असं सगळं खोक्यावर छापलेलं. गार हवेत दम जास्त असतो हे खोटं नाही, आणि एखाद्या गाडीत नीट बंदिस्त करून बसवली तर दोन-तीन घोडे वाढतातही. पण बॉनेट मिटलं की तो उघडा शंकू तापलेल्या इंजिनाला खेटून बसतो आणि तिथलीच कढत हवा ओढतो, हे काही खोक्यावर छापत नाहीत. आवाज मात्र वाढतो, चांगला घोगरा नि भरदार होतो. आवाज वाढला की चालवणाऱ्याला वाटतं वेगही वाढला, आणि मंडळी खूश होऊन घरी जातात.

मिस्त्रींचा कान असा फसणारा नव्हता. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

तीन वर्षांपूर्वी मालकांनी सोंडांची पहिली खेप मागवली. पहिली सोंड एका फोटोग्राफरच्या पिवळ्या गाडीला बसली. मिस्त्री ती गाडी रस्त्यावर एक चक्कर मारून घेऊन आले, उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नुसता घसा साफ झालाय हिचा. दम गेलाय. पाच-सहा घोडे कमी झालेत." फोटोग्राफरचा चेहरा पडला. मालकांचा त्याहून जास्त पडला. ते मापाड्याला म्हणाले, "रोलरवर घे. आधीचं आणि नंतरचं. नीट माप घे हं." यातला 'नीट' त्यांनी जरा जास्तच नीट उच्चारला.

याहून जास्त कुणी काही सांगितलं नाही, हेच तर वाईट. सांगितलं असतं तर दोष निदान वाटून घेता आला असता. मापाड्यानं जुना डबा परत लावला आणि गाडी तापलेली असतानाच पहिलं माप घेतलं, बॉनेट बंद, पंखा बंद. मग सोंड लावली आणि सगळ्यांना चहाला पिटाळलं. गाडी गार होऊ दिली. मग बॉनेट सताड उघडं ठेवून, खोलीतला माणसाएवढा पंखा थेट त्या लाल शंकूवर सोडून दुसरं माप घेतलं. अकरा घोडे वाढले. एवढा वारा घातला असता तर जुन्या डब्यानंही चार वाढवून दाखवले असते, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

मिस्त्री चहा पिऊन आले. दोन्ही कागद खिडकीपाशी नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिले. मग एवढंच विचारलं, "दोन्ही वेळा बॉनेट बंद होतं ना?"

"हो," मापाडी म्हणाला.

दुसरं कुणी 'हो' म्हणालं असतं तर मिस्त्रींनी गाडी पुन्हा रोलरवर चढवायला लावली असती. पण हा त्यांच्या हाताखाली तयार झालेला, शिवाय घरातला. त्यांनी मान हलवली आणि कागद परत दिले. मालकांनी त्याच आठवड्यात त्यातला दुसरा, वाढलेल्या घोड्यांचा कागद चौकटीत घातला.

पूर्वी इंजिन सुरू झालं की मिस्त्री मान तिरकी करून "तिसऱ्या सिलिंडरला बघ" म्हणायचे, ते आता "तुला काय वाटतं?" असं विचारू लागले. मग तेही बंद झालं. सहा महिन्यांत त्यांनी काम सोडलं. घरी जेवताना म्हणाले, "कान गेले की मिस्त्रीनं उठावं." मुलीनं धसका घेतला आणि त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे, हवंच असेल तर यंत्र लावा. मिस्त्री बाहेर आल्यावर म्हणाले, "त्यांना काय कळतंय? रोलरवर दिसलं ना." यंत्र आणायला गाडी चालवत घेऊन गेला तो मापाडीच. दुकानात ते त्यांच्या कानामागं अडकवलंही त्यानंच, कारण सासऱ्यांची बोटं इंजिनाला सरावलेली, एवढ्याशा नाजूक वस्तूला नव्हे. त्या दिवशी त्यांचा कान हातात धरून तो उभा होता आणि एक वाक्य त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. बायको समोर उभी होती. तो गप्प बसला.

पहिल्या दिवशी गप्प बसणं जेवढं सोपं असतं, तेवढंच पुढं बोलणं अवघड होत जातं. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर ती चूक ठरली असती. तीन वर्षांनी त्याला चूक म्हणायची सोय उरली नव्हती.

"लाव म्हणतो ना," गाडीपाशी उभे असलेले मिस्त्री म्हणाले. "हट्टीपणानं मी जुन्यालाच धरून बसलो. तुझा कागद तीन वर्षं भिंतीवर आहे. गाडी जमेल तेवढी चांगली करून ठेवावी म्हणतो."

तेवढ्यात मालक आले. मिस्त्रींना पाहून त्यांना काय आनंद झाला! "शेवटी आलात ना आमच्या सोंडेला!" त्यांनी फळीवरचं नवं कोरं खोकं काढलं आणि मिस्त्रींच्या हातात ठेवलं. "माझ्याकडून भेट समजा." आणि ते एका गिऱ्हाइकाकडे गाडी पोचवायला निघून गेले. मिस्त्री ते खोकं हातात धरून अवघडल्यासारखे उभे राहिले.

मापाड्यानं बॉनेट उचललं. डाव्या दिव्यामागं मिस्त्रींनी हातानं ठोकून बनवलेला हवेचा डबा होता. एक अख्खा हिवाळा त्यांनी त्या पत्र्यावर घातला होता. दिव्याशेजारच्या फटीतून बाहेरची हवा थेट आत यावी आणि इंजिनाच्या बाजूची कढत हवा शिरू नये, म्हणून वरच्या कडेला रबराची ओळ होती; बॉनेट मिटलं की ती घट्ट दबे. डबा आतल्या पत्र्याला वेल्डिंगनं जोडलेला. सोंड बसवायची तर तो कापूनच काढावा लागणार होता, आणि कापलेला पत्रा काही पुन्हा पहिल्यासारखा होत नसतो.

"कटर कुठाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"आधी माप घेऊ," मापाडी घाईघाईनं म्हणाला. "डब्याचं झाकण आणि नळी तेवढी काढतो, सोंड तारेनं तात्पुरती बांधतो. बघू किती वाढतात. मग कापू."

हे बोलून त्याला हायसं वाटलं. रोलरच काय ते सांगेल. या वेळी दोन्ही मापं सारखी, बॉनेट बंद, पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याइतकाच, गाडी दोन्ही वेळा तेवढीच तापलेली. सोंडेचे घोडे कमी येतील, बाबा म्हणतील राहू दे, डबा वाचेल. आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. माणूस स्वतःला वाचवायच्या किती वाटा शोधतो, याला काही सीमाच नाही.

रोलर फिरू लागले की खोलीत एवढा गोंगाट होई की श्रवणयंत्र कानात किंचाळायचं. मिस्त्रींनी ते काढून टेबलावर ठेवलं. डबा लावलेला असताना एकशे अडुसष्ट घोडे आले. मग सोंड बांधली, बॉनेट मिटलं, गाडी तेवढीच तापवली आणि दुसरं माप घेतलं. आवाज असा भरदार झाला की खिडकीची काच थरथरली. कागद बाहेर आला. एकशे एकसष्ट.

मापाड्यानं कागद मिस्त्रींपुढं धरला. मनातल्या मनात तो म्हणत होता, बोला बाबा, म्हणा की सोंड वाईट.

मिस्त्रींनी दोन्ही कागद खिडकीपाशी नेले, तीन वर्षांपूर्वी नेले होते तसेच. परत येताना त्यांची पावलं जड पडत होती.

"त्या फोटोग्राफरच्या गाडीला अकरा वाढले," ते म्हणाले, "आणि माझ्या गाडीला सात कमी. वस्तू तीच, रोलर तोच, मापाडीही तोच. म्हणजे इंजिन मीच चुकीचं बांधलंय." ते स्टुलावर बसले. "कान गेले ते कळलं होतं रे. हात त्याच्याही आधी गेले होते, ते आज कळलं."

हे मापाड्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, खरा कागद खोट्या कागदाला पुसून टाकेल. पण म्हाताऱ्यानं दोन्ही कागद खरे मानले होते आणि दोघांच्या मधे स्वतःलाच खोटं ठरवलं होतं.

"काप तो डबा," मिस्त्री म्हणाले. "इंजिन खोल आणि तुझ्या पद्धतीनं पुन्हा बांध. अकरा वर्षं मी काय केलं कुणास ठाऊक." त्यांनी स्वतः उठून कटर आणला, तारेचं टोक भिंतीतल्या बोर्डात खोचलं आणि कटर जावयाच्या हातात दिला.

मापाड्यानं बॉनेट उघडलं. डब्याच्या कडेवर हातोडीचे बारीक ठोके दिसत होते, सगळे एकसारखे, एका हाताचे. त्याला स्वतःची लाज वाटली. पंखा अजून घोंघावत होता. बाबांचं यंत्र टेबलावर पडलेलं होतं. तो डब्याकडे बघत, खाली मान घालून, पुटपुटल्यासारखा म्हणाला, "मिस्त्री, तेव्हा बॉनेट उघडं होतं." खरं सांगायचं तर त्यांना ऐकू जाऊ नये असंच त्याला वाटत होतं.

"कधी?" मागून आवाज आला.

तो वळला. मिस्त्री चार हातांवर उभे होते, कान उघडा.

"त्या पिवळ्या गाडीच्या वेळी. दुसऱ्या मापाला."

"पंखा?"

"शंकूवर सोडला होता. पूर्ण."

"गाडी गार करून?"

"हो."

"आणि मी विचारलं होतं तुला."

"विचारलं होतंत," मापाडी म्हणाला. "मी हो म्हणालो."

मिस्त्रींनी जाऊन पंखा बंद केला. खोली एकदम शांत झाली. "मी पाच-सहा म्हणालो होतो. खरे किती गेले होते?"

इथं खोटं बोलायची संधी होती. मला माहीत नाही, एवढं म्हणून सुटता आलं असतं. "सहा," तो म्हणाला. "मी नंतर बॉनेट बंद करून बघितलं होतं."

"कधी?"

"त्याच आठवड्यात."

मिस्त्री ओरडले असते तर बरं झालं असतं. हात उगारला असता तर त्यानं गाल पुढं केला असता. ते हळूहळू, आठवत आठवत बोलू लागले. "किती जण गाड्या घेऊन दाराशी आले. मी म्हणायचो, दुसरीकडं दाखवा, मला आता समजत नाही. सकाळी पाखरं ओरडली तरी वाटायचं, ही खरंच ओरडतायत की मला भास होतोय. जिन्यात पाऊल वाजलं की मी दार उघडून खात्री करायचो. ते बरोबर वाजलेलं असायचं रे. दर वेळी बरोबर असायचं. तरी मी म्हणायचो, योगायोग असेल." त्यांनी टेबलावरचं यंत्र उचललं, तळहातावर घेऊन एकदा बघितलं आणि मापाड्याच्या शर्टाच्या खिशात टाकलं.

"चुकलो मी, बाबा. माफ करा," मापाडी म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं.

"झाकण लावा डब्याचं," मिस्त्री म्हणाले. "आणि चला, जावईबापू."

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला एकदाही तुम्ही म्हटलं नव्हतं, लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. "कुठं?"

"घरी. माझी मुलगी तीन वर्षं माझ्याशी ओरडून बोलतेय. तिला सांगायचंय तुम्हाला."

मापाड्यानं सोंड सोडवून खोक्यात घातली, डब्याची नळी जोडली, झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले. जाताना काउंटरमागची ती चौकट खिळ्यावरून उतरवली आणि मालकांच्या टेबलावर पालथी ठेवली. मालक काय म्हणतील ते उद्या बघू, असं त्याला वाटलं. आज त्याला त्याहून मोठी भीती होती.

गाडी मिस्त्रींनी चालवली. दोघंच मावतील एवढ्या गाडीत खांद्याला खांदा लागत होता. खिशातल्या यंत्राची बारीक शीळ सुरू झाली, बंद न करता ठेवलं की ते तसं वाजतं. मापाडी हातानं दाबू लागला तर ती आणखी वाढली. दुसऱ्या चौकात मिस्त्रींनी मान तिरकी केली. तीन वर्षांत त्यानं त्यांची मान तशी झालेली पाहिली नव्हती.

"डावीकडची एक झडप टिकटिकतेय," ते म्हणाले.

मापाड्यानं कान दिला. "मला नाही ऐकू येत."

"तुम्हाला नाही येणार."

घराचं दार बायकोनं उघडलं. हात ओले, पदर खोचलेला. वडिलांना बघून तिनं नेहमीसारखा आवाज चढवला, जिन्याखालपर्यंत जाईल असा. "बाबा! लवकर आलात! चहा टाकू का?"

मिस्त्री आत गेले, खुर्चीवर बसले आणि जावयाकडे बघत राहिले.

"हळू बोल," मापाडी म्हणाला. "त्यांना ऐकू येतं."

"म्हणजे?" तिनं वडिलांच्या रिकाम्या कानाकडे पाहिलं. "यंत्र कुठाय त्यांचं? आणि ही शीळ कसली वाजतेय तुमच्या खिशात?"

त्यानं यंत्र काढून तिच्या ओल्या हातावर ठेवलं आणि उंबऱ्यातच उभं राहून सांगायला सुरुवात केली, बॉनेटपासून.